युद्ध चालू असताना निवडणूक झाली, म्हणजे नेमकं काय झालं?

म्यानमारच्या लष्करी राजवटीने डिसेंबर २०२५ ते जानेवारी २०२६ या काळात टप्प्याटप्प्याने निवडणूक घेतली. देशाच्या अनेक भागांवर बंडखोरांचा ताबा असल्यामुळे तिथे मतदान झालंच नाही. युक्रेनची गोष्ट उलटी. तिथे २०२२ पासून लष्करी कायदा लागू झाला, मे २०२४ मध्ये झेलेन्स्की यांची पाच वर्षांची मुदत उलटली, आणि निवडणूक घेतली नाही म्हणून त्यांच्यावर टीका झाली. बातम्या वाचणाऱ्याचा गोंधळ उडणं स्वाभाविक आहे. युद्धात निवडणूक घेणं बरोबर की चूक? आणि घेतली, लोक रांगा लावून आले, तर युद्ध आता सुटत चाललं असं समजायचं का?

हे समजून घ्यायला इराकचं उदाहरण घेऊ. तिथे मतदानाआधी काय सांगितलं गेलं, मतदान कसं झालं आणि पुढे काय घडलं, हा सगळा हिशेब आता उघड आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. निवडणूक भांडण मिटवत नाही, मिटत आलेल्या भांडणावर शिक्कामोर्तब करते. हरणारा आपली हार मान्य करेल, या एका गोष्टीवर तिचा सगळा डोलारा उभा असतो. युद्धात नेमकं तेच नसतं. आणि सरकारं जे आकडे दाखवून आपल्याला धीर देतात, त्या आकड्यांत ही गोष्ट कुठेच मोजलेली नसते.

## "अठरापैकी पंधरा प्रांतांत उद्याही मतदान होईल"

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. ९ एप्रिलला बगदाद पडलं आणि १ मे रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी विमानवाहू जहाजावरून भाषण करून मोठी लढाई संपल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी दोन हुकूम काढले. पहिल्याने सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षातल्या वरच्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं, दुसऱ्याने इराकचं सैन्यच बरखास्त केलं. हत्यार चालवता येणारी लाखो माणसं एका फटक्यात घरी बसली.

इथे इराकची रचना थोडक्यात सांगायला हवी. देशात शिया मुस्लिम बहुसंख्य, उत्तरेला कुर्द, आणि सुन्नी अरब साधारण पाचवा हिस्सा. पण सत्ता आणि सैन्यातले वरचे हुद्दे वर्षानुवर्षं सुन्नी अरबांकडे होते. आता त्यांच्या हातून ते सगळं गेलं होतं. बंड पेटलं ते मुख्यतः त्यांच्याच भागांत: फलुजा, रमादी, सामरा, मोसुल. (याच सुमारास अमेरिकेने भारताकडेही सैन्य मागितलं होतं. जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारने नकार दिला. तो दिला नसता तर या शहरांची नावं आज आपल्याकडच्या कितीतरी घरांत वेगळ्या कारणाने तोंडपाठ असती.)

निवडणुकीसाठी ३१ जानेवारी २००५ ही शेवटची मुदत ठरली. सप्टेंबर २००४ मध्ये हंगामी पंतप्रधान अयाद अलावी अमेरिकी काँग्रेससमोर बोलले. अठरापैकी पंधरा प्रांतांत उद्याही मतदान घेता येईल, असं त्यांनी सांगितलं. संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड म्हणाले की काही भागांत हिंसाचारामुळे मतदान झालं नाही तर नाही; अपुरी निवडणूक मुळीच न होण्यापेक्षा बरी. त्याच महिन्यात अमेरिकी गुप्तचर यंत्रणांचा जुलैमधला गोपनीय अंदाज वर्तमानपत्रांतून बाहेर आला. परिस्थिती बिघडण्याच्या शक्यता त्यात मांडल्या होत्या आणि सगळ्यात वाईट शक्यता यादवी युद्धाची होती. यंत्रणा नुसता अंदाज बांधत आहेत, असं म्हणून बुश यांनी तो बाजूला सारला.

"अठरापैकी पंधरा" हे वाक्य ऐकायला फार दिलासादायक वाटतं. पण प्रांत म्हणजे माणसं नव्हेत. मतदानाला महिनाही उरला नव्हता तेव्हा अमेरिकेच्याच एका वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्याने चार प्रांत अजून सुरक्षित नसल्याचं सांगितलं. ते चार म्हणजे बगदाद, मोसुल ज्यात येतं तो निनेवे, अनबार आणि सलाहुद्दीन. एकट्या बगदाद प्रांतातच देशातला दर चौथा-पाचवा माणूस राहत होता. नकाशावर चार ठिपके, पण त्यात देशाची जवळपास चाळीस टक्के वस्ती. शिवाय ज्यांच्याशी भांडण होतं ते सगळे त्याच चार ठिपक्यांत. शांत प्रांतांत तडजोडीची गरजच नव्हती.

## मतदार यादी आली रेशनच्या दुकानातून

देशात विश्वासार्ह जनगणना नव्हती. १९९७ ची जनगणना झाली, पण तिच्यात उत्तरेचे तीन कुर्द प्रांत नव्हते. मग मतदार यादी आणायची कुठून?

ती आली रेशनच्या यादीतून. १९९० मध्ये इराकवर आंतरराष्ट्रीय निर्बंध लागले तेव्हापासून सरकार प्रत्येक कुटुंबाला पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल देत होतं. गल्लीतल्या एजंटाकडे कार्ड, कार्डावर कुटुंबातल्या सगळ्यांची नावं. युद्ध झालं, सरकार पडलं, मंत्रालयं लुटली गेली, तरी ही यादी टिकली, कारण तिच्यावर लोकांचं पोट होतं. २००४ च्या नोव्हेंबरात याच एजंटांमार्फत घरोघरी छापील फॉर्म गेले: नावं तपासा, चूक असेल तर नोंदणी केंद्रावर जाऊन दुरुस्त करा. आपल्याकडे रेशन कार्डाचं महत्त्व माहीत असलेल्या कोणालाही ही युक्ती किती हुशारीची होती ते चटकन समजेल.

पण फॉर्म वाटणाऱ्या एजंटांनाच जीवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. अनबार आणि मोसुलमध्ये कित्येक नोंदणी केंद्रं उघडलीच नाहीत. १९ डिसेंबर २००४ रोजी बगदादच्या हैफा रस्त्यावर निवडणूक आयोगाच्या तीन कर्मचाऱ्यांना दिवसाढवळ्या गाडीतून ओढून काढून गोळ्या घातल्या. उमेदवारांची नावं मतदानाच्या तोंडावर येईपर्यंत गुप्त ठेवावी लागली, कारण नाव छापणं म्हणजे मारेकऱ्याला पत्ता देणं. लोकांनी मत द्यायचं होतं ते यादीच्या क्रमांकाला आणि चिन्हाला. शिया पक्षांच्या आघाडीचा क्रमांक होता १६९ आणि चिन्ह मेणबत्ती.

म्हणजे उमेदवार प्रचार करू शकत नाही, मतदाराला उमेदवार ठाऊक नाही. मग माणूस मत कशावर देणार? आपल्या माणसांची यादी कोणती, एवढंच पाहणार. शिया शियांच्या यादीला, कुर्द कुर्दांच्या. निवडणुकीच्या नावाखाली झाली ती प्रत्यक्षात पंथवार शिरगणती.

## एकच मतदारसंघ, आणि गैरहजर राहणाऱ्याची शिक्षा

आता थोडा तांत्रिक भाग, पण सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. संसदेच्या २७५ जागांसाठी अख्खा देश हा एकच मतदारसंघ धरला होता. ज्या यादीला जितकी टक्के मतं, तितक्या टक्के जागा.

एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या तीन विंग आहेत असं समजा. कमिटीवर प्रत्येक विंगचे तीन सदस्य, असा नियम असेल तर 'क' विंगमधले निम्मे लोक सभेला आले नाहीत तरी त्या विंगचे तीन सदस्य येणारच. पण नियम असा केला की नऊही सदस्य एकूण मतांवरून ठरतील, आणि 'क' विंगच्या लोकांनी रागाने किंवा भीतीने सभेकडे पाठ फिरवली, तर त्या विंगचा एकही माणूस कमिटीवर जाणार नाही. त्या जागा रिकाम्याही राहणार नाहीत, 'अ' आणि 'ब' विंगला मिळतील. मग पाण्याच्या वेळा, पार्किंग, देखभाल खर्च, सगळं त्या दोन विंग ठरवणार.

इराकमध्ये 'क' विंग म्हणजे सुन्नी अरब. मुस्लिम धर्मगुरूंच्या त्यांच्या मोठ्या संघटनेने बहिष्कार पुकारला होता. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकी सैन्याने फलुजावर मोठा हल्ला केला, त्यानंतर इराकी इस्लामिक पक्षानेही अंग काढून घेतलं. जे बहिष्काराच्या बाजूचे नव्हते त्यांना बंडखोरांची भीती होती. सतरा पक्षांनी मिळून निवडणूक सहा महिने पुढे ढकला अशी विनंती केली होती, ती मान्य झाली नाही.

इथे अमेरिकेच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. थेट निवडणुकीचा आग्रह मुळात वॉशिंग्टनचा नव्हता. अमेरिकेला आधी प्रांतोप्रांतीच्या निवडक लोकांच्या सभांमधून संसद नेमायची होती. शियांचे सर्वोच्च धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांनी ते मान्य केलं नाही. जानेवारी २००४ मध्ये त्यांच्या समर्थनार्थ बगदादमध्ये मोठा मोर्चा निघाला, आणि अमेरिकेला माघार घ्यावी लागली. बहुसंख्याकांना लवकर निवडणूक हवी होती, आणि पिढ्यानपिढ्या दडपल्या गेलेल्या समाजाची ती मागणी रास्तच होती. एकच मतदारसंघ करण्यामागेही कारणं होती: जनगणना नाही, सीमा आखायला वेळ नाही, किर्कुकसारख्या शहरांवर वाद. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर समजण्यासारखा होता. सगळे मिळून जे घडलं ते भयंकर होतं.

## तो दिवस

३० जानेवारी २००५. देशभर खासगी वाहनांना बंदी, सीमा बंद, रात्रीची संचारबंदी. लोक चालत आले. म्हाताऱ्यांना हातगाडीवर, खांद्यावर बसवून आणलं. दिवसभरात ठिकठिकाणी आत्मघाती हल्ले झाले, चाळीसहून अधिक माणसं गेली, तरी रांगा मोडल्या नाहीत. जांभळ्या शाईचं बोट उंचावलेले फोटो जगभर छापून आले. बोटाला शाई लावणं म्हणजे घरी जाताना मारेकऱ्याला आपली ओळख पटवून देण्यासारखं होतं, आणि हे ठाऊक असूनही लाखो लोकांनी ती लावून घेतली. यादीतला प्रत्येक तिसरा उमेदवार स्त्री असावा असा नियम होता, त्यामुळे जवळपास तीस टक्के जागांवर स्त्रिया निवडून आल्या. हे सगळं खरं होतं, आणि त्याचं मोल कमी करायचा माझा अजिबात हेतू नाही.

आता आकडे. मतदान संपण्याआधीच निवडणूक आयोगाच्या अधिकाऱ्याने मतदान ७२ टक्के झाल्याचं सांगितलं. थोड्याच वेळात तो निव्वळ अंदाज असल्याची सारवासारव झाली. अंतिम आकडा आला ५८ टक्के, सुमारे ८५ लाख मतं. पण ७२ चा आकडा तोवर जगभर फिरला होता.

५८ टक्के ही सरासरी होती. अनबार प्रांतात मतदान झालं २ टक्के. संपूर्ण प्रांतात साधारण १४ हजार मतं. संसदेच्या एका जागेला सरासरी ३० हजारांच्या वर मतं पडत होती. म्हणजे फलुजा आणि रमादी ज्यात आहेत, त्या अख्ख्या प्रांताच्या मतांतून अर्धी जागासुद्धा भरत नव्हती. निनेवेमध्ये मतदान १७ टक्क्यांच्या आसपास होतं. निकाल लागला तेव्हा शिया आघाडीला १४०, कुर्द आघाडीला ७५, अलावींच्या यादीला ४० जागा मिळाल्या. सगळ्या पक्षांतले मिळून सुन्नी अरब प्रतिनिधी सतराच्या आसपास. आणि हीच संसद देशाची राज्यघटना लिहिणार होती.

## पुढच्या वर्षभरात

सरकार बनायला तीन महिने लागले. मे २००५ च्या अखेरीस उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी दूरचित्रवाणीवर बंडखोरी शेवटच्या घटका मोजते आहे अशा अर्थाचं विधान केलं. त्या वर्षी इराकमध्ये आठशेहून अधिक अमेरिकी सैनिक मारले गेले. त्याआधीच्या वर्षीही तेवढेच गेले होते, पुढच्या वर्षीही तेवढेच जाणार होते.

पण खरी गोष्ट घडत होती ती गृहमंत्रालयात. निवडणूक जिंकणाऱ्या आघाडीतल्या एका पक्षाची स्वतःची सशस्त्र संघटना होती, बद्र संघटना. गृहखातं त्या पक्षाचे बयान जब्र यांच्याकडे गेलं, आणि पोलिसांच्या विशेष दलांत या संघटनेच्या माणसांची भरती झाली. नोव्हेंबर २००५ मध्ये बगदादच्या जादिरिया भागात गृहमंत्रालयाचं एक तळघर अमेरिकी सैनिकांना सापडलं. आत कोंडलेले सुमारे १७० कैदी, बहुतेक सुन्नी, उपासमारीने खंगलेले, अंगावर छळाचे वण. सुन्नी मोहल्ल्यातल्या माणसाच्या दृष्टीने निवडणुकीचा निकाल हा होता: आपल्या दारावर रात्री थाप मारणारा आता सरकारी गणवेशात येतो. ज्या लोकांना मतपेटीकडे वळवायचं होतं, त्यांनी हे पाहिल्यावर हत्यार खाली ठेवायचं तरी कशाच्या भरवशावर?

राज्यघटनेच्या समितीत सुन्नी सदस्य नंतर घेतले गेले. त्यातल्या दोघांची जुलैमध्ये हत्या झाली. १५ ऑक्टोबरला घटनेवर सार्वमत झालं. तीन प्रांतांत दोन तृतीयांश लोकांनी नाही म्हटलं तर घटना फेटाळली जाणार होती. अनबारमध्ये ९७ टक्के, सलाहुद्दीनमध्ये ८० टक्क्यांहून अधिक मतं विरोधात गेली. निनेवेमध्ये ५५ टक्के विरोधात, पण दोन तृतीयांश भरत नव्हते. घटना मंजूर झाली, देशभरात ७८ टक्के मतांनी. त्या आकड्याचा जल्लोष झाला. ज्या भागात लढाई चालू होती त्या भागाने मात्र ती जवळजवळ एकमुखाने नाकारली होती.

१५ डिसेंबर २००५ च्या दुसऱ्या निवडणुकीत चूक दुरुस्त केली. आता प्रांतवार जागा होत्या, सुन्नी पक्ष उतरले, मतदान ७५ टक्क्यांच्या वर गेलं. सगळ्या निकषांवर ही निवडणूक पहिलीपेक्षा सरस होती. दोन महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २००६ रोजी, सामराच्या, शियांना अत्यंत पवित्र असलेल्या अल-अस्करी मशिदीचा सोनेरी घुमट स्फोटाने उडवला गेला आणि देश यादवीत ढकलला गेला. संयुक्त राष्ट्रांनी त्या वर्षातल्या नागरिकांच्या मृत्यूंचा आकडा दिला ३४,४५२. उत्तम मतदानाचं वर्ष संपताच सगळ्यात रक्तबंबाळ वर्ष सुरू झालं.

## पण सरकारकडे तर माहिती असते ना?

ही शंका रास्त आहे. आपल्याला घरबसल्या जे दिसतं त्यापेक्षा सरकारला जास्त दिसत असणार, हे मनात येतंच. दिसतंही. पण कोणती गोष्ट मोजायची हे ठरवणारे आणि यश जाहीर करणारे एकच असले की मोजमाप हळूहळू यशाच्या बाजूला झुकतं. त्यासाठी कोणी उघड खोटं बोलावं लागत नाही.

डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकेच्या दोन्ही पक्षांच्या ज्येष्ठांनी मिळून केलेला इराक अभ्यास गटाचा अहवाल आला. त्यात जुलै २००६ मधल्या एका दिवसाचं उदाहरण आहे. सरकारी नोंदीत त्या दिवशी ९३ हल्ले होते. त्या दिवसाचे अहवाल बारकाईने तपासल्यावर हिंसेच्या ११०० घटना निघाल्या. एवढा फरक पडला कसा? नियमांमुळे. इराकी माणसाचा खून झाला तर तो "हल्ला" म्हणून नोंदवला जाईलच असं नव्हतं. पंथीय हल्ला कोणी केला हे ठरवता आलं नाही तर तो यादीत जात नव्हता. रस्त्यावरचा बॉम्ब फुटला आणि अमेरिकी माणूस जखमी झाला नाही, तर तोही नाही. प्रत्येक नियमाला कारकुनी कारण असेल. पण एका रस्त्यावर रोज मृतदेह सापडत असताना कागदावर तो रस्ता शांत होता. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही. झाकणाऱ्याला मात्र उजाडल्याचं सगळ्यात शेवटी कळतं.

इराकी सैन्याच्या आकड्यांचंही तेच. २००४ च्या प्रचारात बुश यांनी एक लाख प्रशिक्षित इराकी सैनिक-पोलिसांचा दाखला दिला. सप्टेंबर २००५ मध्ये इराकमधल्या फौजांचे अमेरिकी प्रमुख जनरल जॉर्ज केसी यांना काँग्रेससमोर सांगावं लागलं की अमेरिकी मदतीशिवाय स्वतंत्रपणे लढू शकणारी इराकी पलटण एकच आहे, आणि आधी हा आकडा तीन होता.

अफगाणिस्तानात तर याच्याही पुढे गेलं. किती जिल्हे सरकारच्या ताब्यात आणि किती तालिबानच्या, ही आकडेवारी प्रसिद्ध व्हायची. ती सतत बिघडत गेली आणि २०१९ मध्ये अमेरिकी लष्कराने ती गोळा करणंच थांबवलं. त्याच वर्षी सप्टेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. नोंदणीकृत मतदार ९७ लाखांच्या आसपास, वैध धरलेली मतं जेमतेम १८ लाख. मार्च २०२० मध्ये अश्रफ घनी आणि अब्दुल्ला अब्दुल्ला या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी एकाच दिवशी अध्यक्षपदाची शपथ घेतली. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये होतं. कोणताही आकडा अचानक प्रसिद्ध होईनासा झाला की वाचकाने तिथेच थांबून विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

## हे आधीही घडलं होतं

३ सप्टेंबर १९६७ रोजी दक्षिण व्हिएतनाममध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली. व्हिएतकाँग म्हणजे कम्युनिस्ट बंडखोरांच्या धमक्यांना न जुमानता ८३ टक्के मतदान झाल्याचं जाहीर झालं आणि वॉशिंग्टनमध्ये समाधान पसरलं. कम्युनिस्टांना आणि तटस्थतावाद्यांना उभं राहायला मुळात बंदी होती. जनरल थिऊ ३५ टक्क्यांच्या आतबाहेर मतं घेऊन निवडून आले. शांतता वाटाघाटींची भाषा करणारे त्रुओंग दिन्ह झू दुसऱ्या क्रमांकावर आले, त्यांना पुढे तुरुंगात टाकलं. नोव्हेंबरात तिथल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल वेस्टमोरलँड यांनी युद्धाचा शेवट दृष्टिपथात येत असल्याचं सांगितलं. दोन-सव्वादोन महिन्यांत, जानेवारी १९६८ च्या अखेरीस, टेट या नववर्षाच्या सणाला सायगावसह शंभराहून अधिक शहरा-गावांवर एकाच वेळी हल्ला झाला आणि लढाई अमेरिकी वकिलातीच्या आवारात शिरली.

## मग पंजाबचं काय?

भारतीय वाचकाचा हा आक्षेप सगळ्यात जड आहे. फेब्रुवारी १९९२ मध्ये पंजाबात दहशतवादाच्या छायेत विधानसभा निवडणूक झाली. अकाली दलाच्या प्रमुख गटांनी बहिष्कार घातला, मतदान २४ टक्क्यांच्या आसपास झालं. इराकच्या मापाने ही निवडणूक फसायला हवी होती. तरी पुढच्या दीड-दोन वर्षांत दहशतवाद ओसरला.

हे खरं आहे, पण ते निवडणुकीमुळे घडलं का? पंजाबात राज्ययंत्रणा शाबूत होती, पोलीस आणि लष्कर एका आज्ञेखाली होतं. पोलिसी कारवाईची किंमत कितीतरी निरपराध घरांनी मोजली, आणि त्याचे खटले पुढे वर्षानुवर्षं चालले. त्यातही लक्षात घेण्यासारखी गोष्ट पुढची आहे. जानेवारी १९९३ मध्ये पंचायत निवडणुका झाल्या आणि गावोगावी लोक भरभरून मतदानाला आले, टक्केवारी ८० च्या वर गेली. भीती आधी कमी झाली, मतदान नंतर वाढलं. आणि आसाम विसरून चालणार नाही. फेब्रुवारी १९८३ मध्ये मतदार यादीवरूनच आंदोलन पेटलेलं असताना तिथे निवडणूक लादली गेली, आणि त्याच दिवसांत नेल्लीमध्ये एका सकाळी हजारो माणसं कापली गेली. पंजाबचा दाखला देणाऱ्याने आसामही मोजायला हवा.

## मग युद्धात निवडणूक घेऊच नये?

असं सरसकट म्हणता येणार नाही. अमेरिकेने १८६४ मध्ये यादवी युद्ध चालू असताना निवडणूक घेतली. पण ती फक्त उत्तरेकडच्या राज्यांत झाली, आणि दक्षिणेला त्यातून शांत करायचं आहे असा दावा कोणी केला नाही. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात सार्वत्रिक निवडणूक १९४५ पर्यंत पुढे ढकलली आणि त्यामुळे तिथली लोकशाही मेली नाही.

सगळ्यात स्पष्ट धडा आपल्या शेजारी नेपाळात आहे, कारण तिथे दोन वर्षांच्या अंतराने दोन्ही प्रकार झाले. फेब्रुवारी २००६ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांनी माओवाद्यांशी युद्ध चालू असताना नगरपालिका निवडणुका घेतल्या. मोठ्या पक्षांचा बहिष्कार, निम्म्याहून अधिक जागांवर उमेदवारच नाही, मतदान २० टक्क्यांच्या घरात. दोन-अडीच महिन्यांत रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी राजाला झुकवलं. मग नोव्हेंबर २००६ मध्ये शांतता करार झाला. माओवाद्यांची हत्यारं छावण्यांतल्या लोखंडी कंटेनरमध्ये बंद झाली, कुलपाची किल्ली माओवाद्यांकडे आणि देखरेख संयुक्त राष्ट्रांची. तेवढीच नेपाळी लष्कराची हत्यारंही बंद झाली. त्यानंतर, दोनदा पुढे ढकलून, एप्रिल २००८ मध्ये संविधान सभेची निवडणूक झाली. माओवादी सगळ्यात मोठा पक्ष ठरले, हे जुन्या पक्षांना धक्कादायक होतं, तरी निकाल सगळ्यांनी मानला. नेपाळचे पुढचे प्रश्न काही कमी नाहीत, पण ते युद्ध पुन्हा पेटलं नाही. तारीख दोनदा चुकली याची आज कोणी आठवणही काढत नाही.

युक्रेनकडे याच नजरेने पाहता येतं. तिथे लाखो मतदार पोलंड, जर्मनी आणि इतर देशांत विखुरलेले आहेत, लाखो रशियाच्या ताब्यातल्या भागात आहेत, आणि आघाडीवरचा सैनिक खंदक सोडून मतदान केंद्रावर जाऊ शकत नाही. खंदकातला सैनिक उमेदवार म्हणून उभा राहायचं म्हणाला तर प्रचार कसा करणार, हाही प्रश्न आहे. २०२३ मध्ये तिथल्या संसदेतल्या पक्षनेत्यांनी आपसात ठरवलं होतं की लष्करी कायदा उठल्यानंतर किमान सहा महिने तयारीला देऊन मगच निवडणूक घ्यावी. पुढे कधी तारखेची घोषणा झाली तर आधी पाहायचं ते हे: त्या सहा महिन्यांचं काय झालं, परदेशातल्यांची नोंदणी कोण करणार, आणि तोफा खरोखर थांबल्या आहेत की फक्त मतदानापुरत्या.